‘येतो’ म्हणून गेलेला राजा

घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं. का, ते विचारायचं नाही. लहानपणी मी एकदा विचारलं, तर अण्णा म्हणाले, "विचारायचं नाही म्हटलं ना!" (माझ्या वडिलांच्या भाषेत याला स्पष्टीकरण म्हणतात.)

रविवारी दुपारी मी ऑनलाइन लढाईचा खेळ होस्ट करते. प्रत्येकाला एक राज्य, पाळीपाळीने चाल. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या व्हाइटफील्डचा पुष्कर, पुण्याहून इथे नोकरीला आलेली सुप्रीता, असे राजे मी अक्षरशः हातापाया पडून जमवलेत. कुणी मध्येच उठलं तर होस्टनं एक तर थांबायचं, नाही तर त्याचं राज्य कॉम्प्युटरकडे सोपवायचं.

परवा अण्णांनी फर्मान काढलं, "आपल्या नागनाथला घे गं. रिटायर झाल्यापासून त्याला करमत नाही."

नागनाथकाका अण्णांचे कारखान्यातले दोस्त. जन्मभर रडार जुळवलेला माणूस, शत्रू लांबून ओळखेल, म्हणून मी घेतलं. (चूक माझी. म्हणजे अण्णांची.)

पुष्करनं काकांचा किल्ला पाडला आणि स्क्रीनवर काकांचा मेसेज उमटला, "बरं, येतो!"

आम्ही थांबलो. चहा झाला. सुप्रीताचे केस धुऊन झाले.

"उल्का, काका कुठेत?" स्पीकरवर पुष्कर.

"येतो म्हणालेत ना!"

"मी निघू का? मला कपडे वाळत घालायचेत."

माझा दरबार फुटायला लागला होता. मी काकांना फोन लावला.

"काका, येताय ना?"

"कुठे?"

"खेळात! येतो म्हणालात!"

"अगं, मी यशवंतपूरच्या मार्केटात कांदे घेतोय. निघताना येतोच म्हणतात. जातो म्हणू? अभद्र!"

मी फोन ठेवला आणि त्यांचं राज्य कॉम्प्युटरला देऊन टाकलं. नाव तेवढं काकांचंच राहिलं. कॉम्प्युटरनं किल्ला परत घेतला, पुष्करला समुद्रात ढकललं आणि सुप्रीताकडून खंडणी वसूल केली. खेळाला असा रंग चढला की वाळत घालायचे कपडे बादलीतच राहिले.

तेवढ्यात कांद्यांची पिशवी घेऊन काका आमच्या दारात.

"तुमच्यासाठीही आणलेत. अरे वा! पहिला नंबर माझा? सरक गं स्वल्प, थोडीशी, आता मी खेळतो."

"उल्का, आत्ता नाही हं!" स्पीकरवरून पुष्कर ओरडला. "आत्ता काका आले, तर मी गेलो!"

"मीपण!" सुप्रीता म्हणाली.

"सरी, सरी, बरं, भांडू नका," अण्णा अर्ध्या कानडीत मध्ये पडले. "उल्का, ऊठ. राज्य त्याचं आहे. मोठ्या माणसांना नाही म्हणायचं नाही."

"का?"

"विचारायचं नाही म्हटलं ना!"

मी जागची हलले नाही.

"नाही, अण्णा. काका, कांदे संपले म्हणून नाही, किल्ला पडला म्हणून तुम्ही उठलात. हरताना उठायचं आणि जिंकताना येऊन बसायचं, हे माझ्या खेळात चालणार नाही. पुढच्या रविवारी या, पहिल्यापासून खेळा आणि शेवटपर्यंत हरा."

अण्णा वर पंख्याकडे बघू लागले. काका एक कांदा हातात घेऊन त्याची सालं निरखू लागले. एरवी आमच्या हॉलमध्ये पंख्यालासुद्धा मध्येमध्येच बोलायला मिळतं, आज फक्त त्याचाच आवाज होता. चोवीस वर्षांत पहिल्यांदा! अशा क्षणाला साजेसं काहीतरी करावं, म्हणून मी खाड्कन लॅपटॉप मिटला आणि मान ताठ करून उभी राहिले.

लगेच मोबाइल वाजला. पुष्कर होता, आणि त्याचा आवाज फोनबाहेर सगळ्या हॉलभर ऐकू येत होता.

"उल्का, खेळ बंद पडला! सगळ्यांच्या स्क्रीनवर आलंय, ‘होस्ट मैदान सोडून पळाला’!"

मोठी माणसं अजूनही गप्पच होती. फक्त आता अण्णांचे खांदे हलत होते, आणि काकांनी पिशवीत तोंड खुपसलं होतं.