काकूंना नापास करायचंय!

अरे, फॉर्म भरणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा खेळ आहे! नाही, सिरियसली! इथे इंग्लंडात, रीडिंग गावात, मी पोटापाण्यासाठी करते काय? लोकांना न रडता भरता येतील असे ऑनलाइन फॉर्म डिझाइन करते! त्यामुळे प्रमोदिनीकाकूंना मी एकदम छाती फुगवून सांगितलं, "काकू, ब्लू बॅजच ना? माझ्यावर सोडा. तुम्ही फक्त चहा टाका!" मला खरंच वाटलं होतं, चहा उकळेपर्यंत काम फत्ते!

चहा उकळला. उतू गेला. शेगडी खराब झाली. पुढचं ऐका.

काकू म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहते, आणि खालच्या किचनमध्ये फुकट जेवते. वय शहात्तर. नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या गोल्ड मेडलिस्ट. इथे येऊन आयुष्यभर हॉस्पिटलात भूल दिली. "हाफ ऑफ बर्कशायर हॅज स्लेप्ट बिकॉज ऑफ मी," असं पार्टीत सांगतात आणि समोरच्या गोऱ्याचा चेहरा कसा होतो ते बघत बसतात. कसली भारी बाई आहे!

आता या भारी बाईचा एक खुबा स्टीलचा आहे, दुसरा त्याच वाटेवर आहे, आणि फुप्फुसं म्हणजे दिवाळीनंतरचे आकाशकंदील. पण हे त्या कुणाला सांगतील? नाव नको! त्यांची एक टेक्निक आहे. चालता चालता काकू थांबतात ना, ते दमल्या म्हणून नाही. छे! कौतुक करायला थांबतात.

"कस्तुरी, बघ गं, काय सुंदर गुलाब आहे!"

चार पावलं पुढे. "वा! दार काय छान रंगवलंय!"

आणखी चार पावलं. हरवलेल्या मांजराचं पोस्टर. ते पूर्ण वाचतात, फोन नंबरासकट. सुरुवातीला मला वाटायचं, किती रसिक आहेत या! मग एकदा कडाक्याच्या थंडीत फुटपाथवर टाकून दिलेल्या वॉशिंग मशीनपाशी थांबून त्या म्हणाल्या, "काय डिझाइन आहे!" तेव्हा माझी ट्यूब पेटली.

तर, ब्लू बॅज म्हणजे चालायला त्रास असणाऱ्यांना गाडी अगदी जवळ लावू देणारा सरकारी पास. तो कशाला हवा होता? अलॉटमेंटसाठी! म्हणजे तो भाजीपाला लावायला भाड्यानं मिळतो तो जमिनीचा तुकडा. टेकडीवर आहे. तिथे काकूंची मेथी, मुळा, लाल माठ, आणि प्लॅस्टिकच्या पॉलिटनलमध्ये अळू! गणपतीत आपण सगळे ज्या फदफद्यावर तुटून पडतो ना, त्यातलंच अळू! आणि तिथेच शशिधरकाकांनी, म्हणजे काकूंच्या मिस्टरांनी, स्वतःच्या हातानं बनवलेलं एक लाकडी बाकडं आहे. थोडं वाकडंच आहे. काका हार्ट सर्जन होते, सुतार नव्हते. काका गेले, पण काकू दर शनिवारी त्या बाकड्यावर बसून थर्मासमधला चहा पितात. म्हणजे प्यायच्या.

कारण गाडी लावायची टेकडीच्या पायथ्याशी. वर गेटजवळ दोनच जागा, आणि त्या फक्त ब्लू बॅजवाल्यांसाठी. या वसंतात काकू प्रत्येक वेळी पायथ्यापर्यंत गेल्या आणि गाडी वळवून परत आल्या. एकदा ऊन फार होतं. एकदा ढग फार होते. एकदा म्हणे टेकडीच बरोबर वाटत नव्हती!

मग अलॉटमेंट कमिटीचा ईमेल आला. तुमच्या प्लॉटमध्ये गवत कमरेपर्यंत आलंय, उन्हाळा संपेपर्यंत साफ करा, नाहीतर वेटिंग लिस्टवरच्या माणसाला देऊ. काकू म्हणाल्या, "देऊन टाकू. मला आता काय करायचीय शेती?" आणि त्या दिवशी त्यांनी चहाच घेतला नाही. काकूंनी! चहा!

म्हणून तर मी ती बढाई मारली ना.

लॅपटॉप उघडला. "काकू, पहिला प्रश्न. चालताना त्रास होतो का?"

"नाही."

"काकू!"

"अगं, त्रास म्हणजे काय? माणूस चाललं की थोडं होणारच. लिही, मजेत आहे."

"इथे 'मजेत'चा ऑप्शन नाहीये हो! बरं, न थांबता किती चालता येतं?"

"न थांबता कशाला चालायचं? आजूबाजूला बघायला नको?"

"दम लागतो का?"

"जिना चढल्यावर कुणाला लागत नाही? तुला लागत नाही?"

"मला नाही लागत."

"मग तू जिम सोड, तुला गरज नाही."

अशी सगळी उत्तरं! शेवटी मी हॉस्पिटलचे रिपोर्ट जोडले आणि फॉर्म पाठवला. फॉर्म वाचून कौन्सिलमधल्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेतल्या माणसाला वाटलं असणार, या बाई मॅरेथॉन पळतात आणि रिपोर्ट कुणा दुसऱ्याच बाईंचे आहेत. उत्तर आलं: असेसमेंटला या. आमची फिजिओथेरपिस्ट तुमचं चालणं बघेल.

आणि इथे माती खाल्ली मी! मी तो ईमेल काकूंना मोठ्यानं वाचून दाखवला. 'असेसमेंट' हा शब्द ऐकला मात्र, काकू खुर्चीत ताठ झाल्या. डोळ्यांत एकदम नागपूर!

"परीक्षा आहे?"

"परीक्षा नाही हो काकू, त्या फक्त बघणार..."

"सिलॅबस काय आहे?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून आले तर काकू डायनिंग टेबलाभोवती प्रदक्षिणा घालत होत्या. हातात अंडी उकडायचा टायमर! गुडघ्याला बाम, कमरेला पट्टा, कपाळावर घाम. "कालच्यापेक्षा अर्धा मिनिट कमी!" म्हणाल्या आणि खुर्चीत कोसळल्या. कोसळता कोसळता फ्रूट बाउलकडे बघून म्हणाल्या, "काय सुंदर सफरचंद आहे."

"काकू, अहो काय करताय! इथे पास व्हायचं नसतं! नापास व्हायचं असतं! नापास झालं तरच बॅज मिळतो!"

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना बँक लुटायला सांगितलंय. "नापास? मी? बालवाडीपासून आजवर मी दुसरी आले नाहीये, कस्तुरी."

"मग नुसतं खरं चाला. रोज चालता तसं. दमलात की दमले म्हणा."

"परक्या बाईसमोर?"

"हो!"

"त्यापेक्षा नाटक करायला सांगितलं असतंस तर जमलं असतं."

परीक्षेच्या दिवशी काकू इरकल नेसून तयार. पायात स्पोर्ट्स शूज. पर्समध्ये दोन पेनं! "काकू, पेन नाही लागत." "असू दे." वर मला सांगितलं, "दही-साखर घाल माझ्या हातावर." आता काय करता? घातली मी! मनात म्हटलं, देवा, दही-साखर घेऊनही नापास होऊ देत यांना!

असेसमेंट सेंटरवर पोहोचलो तर दाराजवळच्या सगळ्या जागा ब्लू बॅजवाल्यांच्या! आम्हाला जागा मिळाली पार टोकाला, कुंपणाशी. दारापर्यंत येता येता काकूंनी एक सायकल, एक गटाराचं झाकण आणि 'नो स्मोकिंग'च्या पाटीचं कौतुक केलं. मी खूश! म्हटलं, असंच आत करा!

वेटिंग रूममध्ये एकच खुर्ची रिकामी होती. काकूंनी ती काठीवाल्या एका आजोबांना दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या. मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात दार उघडून हेलन आली. फिजिओथेरपिस्ट. उंच, शांत बाई.

"हाउ आर यू टुडे, डॉक्टर?"

मी मागून काकूंच्या पदराला हिसका दिला.

"व्हेरी वेल, थँक यू!" काकू म्हणाल्या. खणखणीत! "पण तुम्हीच दमलेल्या दिसताय. उजवा गुडघा दुखतो का?"

झालं! पुढच्या दोन मिनिटांत हेलन टेबलावर पाय लांब करून बसलेली, आणि आमच्या काकू तिचा गुडघा तपासतायत! कोण कुणाला असेस करतंय? वर काकूंनी पर्समधून डबा काढला. चकल्या!

"सॉरी डॉक्टर, आम्हाला गिफ्ट घेता येत नाही."

"गिफ्ट नाहीये, चकली आहे."

हेलननं डबा परत केला. काकूंनी पुढे सरकवला. तिनं परत केला. आपल्याकडे कसं, तिसऱ्या नकाराला खरा नकार धरतात. पण बिचाऱ्या हेलनला कुठे माहीत! ती दोनदाच नाही म्हणाली. काकूंनी डबा गुपचूप तिच्या प्रिंटरमागे ठेवला.

मग चालायची टेस्ट. बाहेर कार पार्कमध्ये. हेलन म्हणाली, "तुमच्या नेहमीच्या चालीनं चाला." आणि काकू सुटल्या! अरे, सुटल्या म्हणजे काय, प्रजासत्ताक दिनाची परेड! हात हलतायत, पदर उडतोय, इरकलीचा काठ फडफड! मी बाजूनं धावत होते आणि ओरडत होते, "शी हॅज अ स्टील हिप! अँड लंग्ज! काकू, गुलाब बघा! कुठलातरी गुलाब बघा!"

गुलाब कुठले तिथे! एक लांबलचक भिंत होती आणि मोठे मोठे कचऱ्याचे डबे. काकू डब्यापाशी थांबल्या. "लव्हली बिन," म्हणाल्या. पुढे पाइप होता. "व्हॉट अ ड्रेनपाइप!" पुन्हा मार्च! मी हेलनकडे वळून सांगायला गेले की बघा, बघा, दम लागतो म्हणून थांबतायत, आणि तेवढ्यात माझा पाय फुटपाथच्या कडेवरून घसरला. धाडकन! घोटा असा वळला की मला थेट माझी पुण्याची शाळा दिसली!

"आई गं!"

आणि मग ते झालं, जे व्हायला नको होतं. शहात्तर वर्षांच्या, एक खुबा स्टीलचा, अशा काकू पळत आल्या. पळत! माझ्या काखेत हात घातला, मला उभं केलं, आणि "माझ्यावर भार टाक, घाबरू नकोस," म्हणत मला कुंपणापर्यंत, आमच्या गाडीपर्यंत घेऊन गेल्या! एका श्वासात! हेलनच्या डोळ्यांदेखत! मी वेदनेनं रडत नव्हते हो, मी अळूसाठी रडत होते. गेलं! बाकडं गेलं, प्लॉट गेला, फदफदं गेलं. आणि कुणामुळे? माझ्यामुळे!

काकूंनी मला सीटवर बसवलं, हेलनला लांबून हसून हात केला, ती आत जाईपर्यंत हलवत राहिल्या. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या, दार लावलं... आणि त्यांच्या हातातून किल्ली पडली.

मी बघितलं. चेहरा राखेसारखा. श्वास असा, की बोलायला फटच नाही. मी घाबरून इन्हेलर काढून दिला. खूप वेळानं, माझ्याकडे न बघता, त्या म्हणाल्या,

"थकले गं, कस्तुरी."

दोन वर्षं मी त्यांच्या घरात राहतेय, पण हे पहिल्यांदा! मी नुसता त्यांचा हात धरला.

आणि काचेवर टकटक! बाहेर हेलन. हातात चकल्यांचा डबा. तो परत द्यायला ती लंगडत लंगडत पार कुंपणापर्यंत आली होती, नियम म्हणजे नियम! काकूंनी कसाबसा कणा ताठ केला, काच खाली घेतली, आणि धापा टाकत म्हणाल्या, "ब्युटिफुल... कार पार्क!"

हेलन खिडकीशी वाकली. हळूच म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही आलात तेव्हा मी खिडकीतून बघत होते. तुम्ही एका गटाराच्या झाकणाचं कौतुक केलंत. माझी आई झुडपं बघते. आमच्या रस्त्यावरचं प्रत्येक झुडूप तिला पाठ आहे." मग विचारलं, "आता खरं सांगता? किती दुखतं?"

आणि मग काकू अगदी लहान आवाजात बोलल्या. सगळं! दम, खुबा, टेकडी, बाकडं. हेलन ऐकत राहिली, लिहीत राहिली. जाताना काकूंनी तिसऱ्यांदा डबा पुढे केला. ती तिसऱ्यांदा नाही म्हणाली. यावेळी काकूंनी मानलं. "हुशार आहे पोरगी," म्हणाल्या.

बॅज आला! मी लंगडत नाचले. लंगडत, कारण घोट्याला बारीक फ्रॅक्चर निघालं होतं, आणि पायात तो काळा प्लॅस्टिकचा मोठा बूट होता. काकूंनी पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे नापास," म्हणाल्या.

"पहिल्या नंबरानं, काकू!"

तेव्हा कुठे हसल्या!

त्याच शनिवारी आम्ही टेकडीवर गेलो. थेट गेटजवळ गाडी! काकूंनी बॅज डॅशबोर्डवर असा ठेवला, जसं काही गोल्ड मेडलच! उतरल्या, थोडंसंच चालल्या, आणि गवतातून वाट काढत जाऊन काकांच्या त्या वाकड्या बाकड्यावर बसल्या. हात फिरवला त्याच्यावर. थर्मास उघडला. मग मला कामाला लावलं! "ते गवत उपट. ती झारी आण. ती नाही, मोठी!" मी बूट घालून लंगडतेय, धापा टाकतेय, आणि काकू महाराणीसारख्या चहा पितायत!

तेवढ्यात शेजारच्या प्लॉटवरचे एक गोरे आजोबा कुंपणाशी आले. त्यांनी गाडीतला बॅज बघितला. माझा बूट बघितला. काकूंकडे बघून अगदी कौतुकानं म्हणाले, "किती छान! हिचा पाय असा असूनही तुम्ही हिला बाहेर घेऊन येता!"

मी तोंड उघडलं. पण काकू माझ्याआधीच बोलल्या.

"काय करणार?" काकूंनी एक मोठा सुस्कारा सोडला. "बिचारी कुणाला सांगत नाही हो, पण फार त्रास आहे तिला."

आता मी यावर काय बोलणार होते? खूप बोलणार होते! पण खरं सांगू का, घोटा इतका ठणकत होता की एक पाऊल टाकवेना. म्हणून मी हातातली झारी खाली ठेवली, कंबरेवर हात ठेवला, आणि आजोबांना म्हटलं,

"वा! तुमचा कोबी काय सुंदर आहे हो!"