दुसरी बंडी न शिवणारा शिंपी

निपाणीत गिऱ्हाइकाला हाकलून देणारा शिंपी एकच, याकोबआप्पा. भांडून नव्हे. बसायला पोतं टाकायचे, तांब्याभर पाणी द्यायचे आणि मग हाकलायचे.

"घरात दुसरी बंडी हाय न्हवं?"

"हाय की."

"मग ही कुणासाठी?"

दोन अंगरखे असलेल्यानं एक नसलेल्याला द्यावा, असं त्यांच्या पुस्तकात लिहिलंय म्हणे. लिहिलं असेल. पुस्तकात पुष्कळ असतं. बी.ए. होऊन शाळेत मास्तर होईपर्यंत मीही ढीगभर पुस्तकं वाचली, पण एकाच्याही सांगण्यावरून स्वतःच्या पोटावर पाय दिला नाही.

आमच्या सगळ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे सांगताना मला लाजबिज वाटत नाही. तेव्हा शेजारी म्हणून आप्पांना व्यवहार शिकवणं हे मी माझं कामच समजत होतो.

एकदा तंबाखूच्या वखारीचे एक मालक स्वतः दुकानात आले. मुलाच्या लग्नात घालायला कोट हवा होता. शिवाय वखारीतल्या सगळ्या माणसांचे कपडे शिवायचं कामही आप्पांनाच मिळणार होतं. मी तिथंच बसलो होतो.

"अंगावरचा फाटला न्हाय की, मालक."

"मग काय फाटेपर्यंत थांबू?"

"न्हाय, न्हाय. ह्यो कुणाला तरी देऊन या. लगीच दुसरा बेततो."

मालकांना वाटलं, चेष्टा आहे. आप्पांचा चेहरा बघून ते उठले आणि समोरच्या शिंप्याकडे गेले. त्यानं लग्नसराई संपायच्या आत दुसरं मशीन घेतलं. आप्पा रस्त्यातूनच त्याला म्हणाले, "बरं झालं रं. तुझी पोरं ल्हान हायती."

मी वैतागून विचारलं, "आप्पा, तुम्ही ख्रिस्ती झालात की खुळे?"

"मास्तर, दोनी एकदमच झालो. धन्याला चालतंय."

देवाला ते धनी म्हणत. कौलं फुटली, धनी बघंल. मशीनचा पट्टा तुटला, धनी बघंल. हा धनी नुसता बघतच बसे; पट्टा शेवटी मीच आणून दिला. पाद्रीसाहेबांनीसुद्धा समजावलं, की वचन इतकं शब्दशः घ्यायचं नसतं. आप्पांनी फक्त त्यांच्या खुंटीवरच्या कोटांकडे बघितलं. पाद्रीसाहेबांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

पण खरा कळस पुढंच होता. संकेश्वरजवळ आप्पांच्या बापाची जमीन होती, विहिरीच्या पाण्यावरचा ऊस. आप्पा तरुणपणी ख्रिस्ती झाले, तेव्हा थोरला भाऊ मल्लाप्पा यानं त्यांना घराबाहेर काढलं होतं. तेव्हापासून त्या उंबऱ्याला त्यांचा पाय लागला नव्हता. बाप वारला आणि मल्लाप्पा निपाणीत हजर. वाटा सोडल्याच्या कागदावर सही हवी होती.

धर्म बदलला म्हणून वाटा जात नाही, तसा सरकारचा कायदा आहे. तो मी दोघा भावांना आधी इंग्रजीतून आणि मग मराठीतून ऐकवला.

"आप्पा, निम्मं शेत तुमचं. अर्ज मी लिहितो. तुम्ही फक्त कोर्टात उभं राहायची खोटी."

"सोडतो म्हणून सांगा त्याला," आप्पा म्हणाले. भाऊ समोर बसला होता, तरी मला सांगत होते. "पर माझं एक हाय. आईच्या हातचं एकदा जेवायचं. घरात बसून."

मल्लाप्पा घुटमळला. "आत न्हाय जमायचं. भावकी काय म्हनंल? भाईर सोप्यात बस."

"सोपा तर सोपा."

निम्म्या शेताच्या बदल्यात सोप्यातली पंगत! असला सौदा खुळ्यांच्या बाजारातसुद्धा होत नसेल. मी कपाळावर हात मारला आणि साक्षीदार म्हणून सोबत गेलो.

आधी सही, मग जेवण, हा मल्लाप्पाचा हट्ट. सही झाली. म्हातारी बाहेर आली. शिवाशिव नको म्हणून तिनं भाकरी वरूनच पत्रावळीवर टाकली, झुणका वरूनच वाढला. जरा उभी राहिली आणि आत गेली.

एरवी आप्पा अर्ध्या भाकरीवर पाणी पिऊन उठणारे. त्या दिवशी त्यांनी भाकरी संपवली आणि आत हाक दिली, "आई, आनी एक." म्हातारी आली, वाढलं, गेली. "आनी एक." पुन्हा आली. माझं जेवण होऊन हात वाळले, तरी यांचं चालूच. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

मल्लाप्पा माझ्या कानात म्हणाला, "शेत वसूल करतंय बघा." पहिल्यांदाच मला त्या माणसाचं म्हणणं पटलं.

परतीच्या वाटेवर, गाव मागं पडल्यावर, आप्पा पोट धरून बांधावर आडवे झाले. कपाळावर घाम, तोंडानं कण्हणं. मी चांगलाच भडकलो.

"शेत घालवलंत ते घालवलंत, आता जीवही घालवता का? बास म्हणायला काय झालं होतं?"

आप्पांनी डोळे मिटले.

"बास म्हटलं असतं, मास्तर, तर ती परत भाईर आली असती व्हय?"