हेमचंद्ररावांचा गुडघा

"कुणाला कानोकान खबर लागणार नाही!" अशी स्वतःशीच प्रतिज्ञा करून हेमचंद्ररावांनी इंजेक्शनाची तारीख घेतली. आता दुखणंच तसं होतं! वर्षभरापूर्वी लिंगात आतून कडक गाठ धरली आणि ते वाकडं व्हायला लागलं. ऐन बावन्नाव्या वर्षी! बायकोला, विमलाबाईंना, त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नाही. "तू घोरतेस!" म्हणून खेकसले आणि उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेले ते गेलेच. तेव्हापासून स्वारी चोवीस तास पेटलेली. चहा गार म्हणून राग, गरम म्हणूनही राग!

बडोद्याच्या अलकापुरीतला डॉक्टर मयंक म्हणाला, "तुमचंच रक्त काढायचं, त्यातला कामाचा भाग वेगळा करून तिथं टोचायचा. नवीन उपचार आहे अंकल, गॅरंटी नथी." गॅरंटी नाही म्हणून त्याच्यावरही डाफरून झालं. घरी मात्र सांगितलं, "गुडघ्यात इंजेक्शन घेतोय."

इथंच माती खाल्ली! अहो, आमच्या बडोद्यात नुसतं शिंकलं तरी लोक खबर काढायला येतात, आणि गुडघा म्हणजे तर सार्वजनिक मालमत्ता! पहिलं इंजेक्शन घेऊन हेमचंद्रराव नागरवाड्यातल्या घरी परतले, तर अर्धी सोसायटी नारळपाणी घेऊन सोफ्यावर हजर!

"केम छो हेमचंद्रभाई? कयो पग?" एका शेजाऱ्यानं पायांकडे बोट दाखवत विचारलं.

"डावा!"

"मग लंगडतोस उजव्यानं कसा रे?" जिजाबाई आत्यांनी विचारलं.

"दोन्ही! दोन्ही गेलेत! झालं समाधान?"

या आत्या त्यांच्याकडेच राहायच्या, आणि त्यांचे स्वतःचे गुडघे कित्येक वर्षं कुरकुरत होते. "हेमू, मलापण ने की तुझ्या डॉक्टरकडे."

"खबरदार!"

"बघ गं विमला! बापाच्या सख्ख्या बहिणीला डॉक्टर दाखवायला याच्या जिवावर येतं!"

दुसऱ्या इंजेक्शनाच्या दिवशी हेमचंद्रराव ऑफिसात असताना दवाखान्यातून घरी फोन आला, "साहेबांना पाचला पाठवा." फोन घेतला आत्यांनी. पत्ता विचारून घेतला, विमलाबाईंना रिक्षात घातलं आणि साडेचारलाच पहिल्या खुर्चीत जाऊन बसल्या. हेमचंद्रराव दारातून आत शिरले आणि तिथंच थिजले.

"हेमू, इथं सगळे पुरुषच कसे रे?" आत्यांचा आवाज खणखणीत. "बायकांचे गुडघे काय लोखंडाचे असतात?"

माना खाली घालून बसलेल्या मंडळींनी त्या आणखी खाली घातल्या. "घरी चला!" हेमचंद्रराव दातओठ खात म्हणाले. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं, आणि आत्या त्यांच्याही आधी आत घुसल्या, मागोमाग विमलाबाईही.

"अरे वा, फॅमिलीला घेऊन आलात! फार सरस!" डॉक्टर खूश झाला. त्याला वाटलं, घरी सगळं ठाऊक आहे.

"याला जिथं टोचलं ना डॉक्टर, मलाही तिथंच टोचा!"

"काकी, तुम्हाला कसं टोचणार?" डॉक्टरनं टेबलावरचं मॉडेल उचललं आणि गाठीवर बोट ठेवलं. "अंकलना इथं दिलंय."

आत्यांनी चष्मा लावला. नीट पाहिलं. चष्मा काढला आणि डोक्यावरून पदर घेतला. "अगंबाई!" एवढंच म्हणाल्या आणि जन्मात पहिल्यांदा गप्प बसल्या.

पण विमलाबाई उसळल्या! "वर्षभर? वर्षभर हे लपवलंत? मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला! उशीत तोंड खुपसून रडले मी! आरशासमोर उभं राहून विचारायचे, काय कमी आहे माझ्यात? आणि तुम्ही मलाच घोरणारी ठरवलंत!"

"हळू! बाहेर लोक बसलेत!"

"ऐकू दे! त्यांच्याही बायका रडत असतील घरी!"

हेमचंद्ररावांचा वर्षभराचा राग कुठल्या कुठे पळाला. खाली बघत ते पुटपुटले, "लाज वाटत होती गं."

"माझी? लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर? जळ्ळी मेली ती लाज!"

इंजेक्शन झालं. बाहेर बाकावर बसलेल्या विमलाबाईंजवळ हेमचंद्रराव हळूच टेकले. "मग… आजपासून आत झोपायला येऊ?"

विमलाबाईंनी डोळे पुसले. "या. पण भिंतीकडच्या कडेला, अंग चोरून. वर्षभर मी पलंगभर हातपाय पसरून झोपत होते. तेवढं एकच सुख होतं, तेही आजपासून गेलं!"