समुद्रातला वाफा

मदीनाबीला नवऱ्यासोबतचा एक फोटो हवा होता, एवढंच. जवळा बाजारच्या शिवारात महेबूबभाईंबरोबर तिचा अख्खा संसार झाला, पोरांची लग्नं झाली, पण दोघांचा एकत्र असा फोटो घरात नव्हता. फोटोवाला दिसला की महेबूबभाईंना हटकून काहीतरी काम आठवायचं. थोरल्याच्या लग्नाच्या जेवणात, वलिम्यात तर ते ऐन वेळी विहिरीवरची मोटार बंद करायला शेतात गेले होते. त्या दिवशी वीजच नव्हती.

म्हणून धाकटी नाहिद आईबापाला थेट कोकणात घेऊन आली. इथल्या एका किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर पाण्याचा पातळ थर राहतो आणि मावळतीला त्यात सगळं आभाळ उतरतं, हे तिने फोनवर पाहिलं होतं. शिवाय इथून अब्बांना शेतात पळता येणार नव्हतं, हा तिचा खरा डाव.

ओहोटी लागली आणि पाणी हटलं तशी वाळू चकाकू लागली. मदीनाबीने ठेवणीतल्या साडीचा पदर डोक्यावर सारखा केला, मागे वळून पाहिलं, तर महेबूबभाई गायब. थोड्या अंतरावर उकिडवे बसून ते नारळाच्या करवंटीने वाळूचा बांध घालत होते. ज्याची हयात कालव्याच्या पाळीची वाट बघण्यात गेली, त्याला डोळ्यांदेखत पाणी वाया जाताना बघवत नाही.

"अवो, हे काय करून राहिले तुमी?"

"पाणी चाललंय, दिसत न्हाई का? दिवस बुडायला टाइम हाय. तवर तुझ्या फोटोला पाणी ऱ्हाईल का?"

"म्हून समिंदर अडवता व्हय?"

"एकच वाफा," महेबूबभाई नम्रपणे म्हणाले.

बांधाला वाळू लागते. ती त्यांनी जवळ पडेल तिथून उचलली, म्हणजे शेजारी फोटो काढून घेणाऱ्या एका नवपरिणीत जोडप्याच्या पायांपासून. त्यांच्या चकचकीत वाळूला खड्डे पडले, पाणी गढुळलं आणि फोटोग्राफर तावातावाने भांडायला आला. नाहिद माफी मागत राहिली. शिट्टी वाजवत जीवरक्षकही धावत आला, पण महेबूबभाईंनी त्याला बांधाचं दुसरं टोक दाबायला सांगितलं आणि तो बिचारा गोंधळून दाबूही लागला.

मग सूर्य खाली आला आणि सगळ्यांची तोंडं उतरली. पाणी पार लांब गेलं होतं, अलीकडची वाळू सुकली होती. पाणी उरलं होतं ते फक्त महेबूबभाईंच्या वाफ्यात, छान निवळलेलं, आभाळासकट. मघाचा फोटोग्राफर हळूच जवळ येऊन त्यांना काका म्हणू लागला. त्याच्यामागे बघता बघता रांग लागली.

महेबूबभाईंनी पाळ्या लावल्या. त्यांच्या कालव्यावर टोकाच्या शेताला पाणी आधी मिळतं, म्हणून इथेही रांगेतला शेवटचा माणूस पहिला. धक्के मारून पुढे घुसलेले आपोआप मागे पडले. सगळे खूश होते, फक्त मदीनाबीची पाळी येत नव्हती आणि सूर्य अर्धा बुडाला होता.

"लोकायचं होऊ दे. आपलं काय, घरचंच हाय," महेबूबभाई म्हणाले.

मदीनाबीला फार वाईट वाटलं. बांधाच्या कडेने चालत ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात बांध फुटला, नेमका त्यांच्या पायाशी. महेबूबभाईंनी मागचापुढचा विचार न करता भगदाडात पाय रोवला.

"अब्बा, हलू नका, सगळं पाणी जाईल," नाहिद फोन उचलत म्हणाली.

"मी काहून हलू?" महेबूबभाई म्हणाले. फोटोच्या वेळी हे वाक्य त्यांच्या तोंडून घरात कोणी कधी ऐकलं नव्हतं.

परतीच्या गाडीत मात्र ते अस्वस्थ होते. "आपला बांध कधी फुटत न्हाई. हा कसा फुटला?"

"वाळूच ती. आपली काळी माती थोडीच हाय," मदीनाबी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

महेबूबभाईंनी नाहिदच्या फोनवर फोटो मोठा करून पाहिला. लाल आभाळ, पाण्यात उलटी उतरलेली दोघं, मदीनाबी तोंडभर हसणारी. तिचा एक पाय स्वच्छ होता. दुसरा घोट्यापर्यंत वाळूने माखलेला आणि त्याची टाच अजून बांधात रुतलेली.

त्यांनी एकदा फोटोतल्या टाचेकडे आणि एकदा बायकोकडे पाहिलं. मग फोन नाहिदकडे देत म्हणाले, "मोठा करून भिंतीला लाव हा. अन् पाय कापू नको, पाय बराबर दिसू दे."