वाढत्या अंगाचा पॉवर सप्लाय

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमच्या पायाचं माप आहे तीन नंबर आणि पायात बूट आहेत पाच नंबरचे. पुढच्या मोकळ्या जागेत कागदाचे बोळे कोंबलेले. तुम्ही धावायला लागता. तुम्ही पुढे जाता आणि बूट सवडीने मागून येतात. जमलं? आता डोळे उघडा, नाहीतर पुढचं वाचणार कसं?

असे बूट घालणाऱ्या मुलीला घरात काडी म्हणत. अंगाने काडी म्हणून, असं बाबा सांगत. सारख्या काड्या करते म्हणून, असं आई सांगे. वय अकरा. तिचा रेनकोट घोट्यापर्यंत यायचा, सायकलच्या पॅडलला जेमतेम अंगठा टेकायचा आणि स्वेटरच्या बाह्या इतक्या लांब होत्या की हातमोजे कधी घ्यावेच लागले नाहीत.

"वाढत्या अंगाचं घ्यावं," हे बाबांचं तत्त्व. बाबा लिफ्ट दुरुस्त करत. "आठ माणसांच्या लिफ्टचा दोर आठच माणसं पेलणारा असता, तर मला दुरुस्तीला नाही, सांत्वनाला जावं लागलं असतं," असं ते म्हणत.

शनिवारी शाळेत धावण्याची शर्यत होती. गेल्या वर्षी काडी पाचवी आली होती आणि तिचा डावा बूट सातवा.

त्याच आठवड्यात, गुरुवारी दुपारी, घरातला कॉम्प्युटर फुस्स करून बंद पडला. आई त्यावर एका छापखान्यासाठी पुस्तकांची पानं लावत असे. (काडीच्या बुटातले बोळे त्याच पानांच्या रद्दीचे.) छापखान्याला नवी पानं शनिवारपर्यंत हवी होती. बाबांनी कॉम्प्युटरचं खोकं उघडलं, जळका वास काढत मागच्या कोपऱ्यातला, सगळ्या भागांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय ओळखला, चार स्क्रू काढून तो डबा बगलेत मारला आणि काडीला घेऊन दुकान गाठलं.

"कितीचा देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"सगळ्यात मोठा कोणता?"

"हजार वॉटचा."

"चारशेचा पुरे," काडी म्हणाली. बाबा स्क्रू काढत होते तेव्हा तिने आतल्या भागांवरच्या चिठ्ठ्या वाचून वहीत बेरीज केली होती. "प्रोसेसर पासष्ट, ग्राफिक्स कार्ड पंच्याहत्तर, बोर्ड, डिस्क, पंखे मिळून साठ धरले. झाले दोनशे. त्याची दुप्पट चारशे. लिफ्टवाल्याची मुलगी आहे मी, दोर जाडच धरलाय."

"बरोबर बोलतेय पोरगी," दुकानदार म्हणाला.

"जुना चारशेचाच होता," बाबा म्हणाले. "जळला ना?"

"नऊ वर्षांनी जळला. तेवढ्यात आपले तीन मिक्सर गेले."

"आणि उद्या कमी पडला तर? सगळ्याची वाट लागेल."

"वॉट, बाबा. वाट नाही."

"एक कमी पडला की दुसरी लागते."

"टाकी मोठी बसवली म्हणून तहान वाढत नाही. कॉम्प्युटर लागेल तेवढंच ओढणार." काडीने वही मिटली. "मीटर लावून बघू. चारशेच्या वर गेला, तर मी वर्षभर गप्प. नाही गेला, तर बूट माझ्या मापाचे."

वर्षभर गप्प. बाबांना हजार वॉटपेक्षा हे मोठं वाटलं. "कबूल," ते म्हणाले आणि त्यांनी हजारचाच घेतला.

घरी आल्यावर कळलं की नवा डबा जुन्यापेक्षा चांगला चार बोटं लांब आहे. तो आत शिरेना, कारण समोर डिस्कचा पिंजरा आडवा येत होता. बाबांनी पिंजरा काढला. आता डिस्क बेघर झाली. तिला साबणाच्या डबीत ठेवून खोक्याच्या टपावर बसवलं. नव्या डब्याच्या वायरी एवढ्या की खोक्याचं झाकण लागेना. झाकण काढलं, तर बाजूने वायरींचं पोट सुटलं आणि खोकं टेबलाच्या कप्प्यात मावेना. बाबांनी करवत आणली.

"टेबलाने काय केलंय?" आईने विचारलं.

"जरा फळी कापतो. जास्त नाही."

फळी कापली, खोकं बसलं आणि टेबल डुलायला लागलं. टेबल डुललं की टपावरची डबी घसरे, डबी घसरली की डिस्कची वायर सुटे आणि वायर सुटली की आईचं पान जाई. दोन पानं गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "तिसरं गेलं, तर या घरात अजून काय काय जाईल ते मी आत्ता सांगत नाही."

बाबांनी पायाखाली पुठ्ठा घालून पाहिला, वीट घालून पाहिली. पुठ्ठा पातळ, वीट जाड. मग त्यांची नजर दाराकडे गेली.

"काडी, तुझा डावा बूट दे."

बूट टेबलाच्या पायाखाली सरकला आणि टेबल जे स्थिर झालं, ते झालंच. दोन वर्षांत तो बूट पहिल्यांदाच कुठेतरी मापात बसला होता.

"शनिवारी शर्यत आहे माझी," काडी म्हणाली.

"पानं संपेपर्यंत कोणी त्याला हात लावायचा नाही," आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी कामावरून मीटर आणला. काडीने कॉम्प्युटरवर जे जे चालेल ते ते एकदम चालवलं: आईची पानं, दोन सिनेमे, एक गाड्यांचा खेळ. पंखे घोंघावले. मीटरने दाखवलं एकशे अडतीस.

बाबांनी मीटरला टिचकी मारली. "बिघडलाय हा."

काडीने मीटरला इस्त्री लावली. इस्त्रीने चोख हजार दाखवले.

"बघ," बाबा म्हणाले, "म्हणजे आपला सप्लाय इस्त्रीएवढा दमदार आहे."

"आई पानांना इस्त्री करणार आहे का?"

आई खोकली. ते हसू होतं, पण तिने ते खोकल्यावर भागवलं.

"बरं, बूट घेऊ," बाबा पुटपुटले. "पण आता दुकानं बंद झाली. रविवारी बघू."

"शर्यत उद्या आहे. रविवारी मी कुणाला हरवू?"

"उद्या चपला घाल."

"नाही. उद्या मी माझ्या मापाचंच घालणार."

शनिवारी सकाळी काडी आखलेल्या रेषेवर अनवाणी उभी राहिली. सरांनी खाली पाहिलं. "बूट कुठे?"

"एक कामावर आहे, सर. दुसऱ्याला एकट्याला करमत नाही."

कुंपणापलीकडून बाबा ओरडले, "काडी, पाय सोलतील."

"सोलू देत. माझ्या मापाचे आहेत."

शिट्टी वाजली. काडी दुसरी आली. आणि या वेळी ती सगळीच्या सगळी एकदम आली.

मैदानातून बाबा तिला थेट बुटांच्या दुकानात घेऊन गेले. रस्त्यात त्यांनी दोनदा तिच्या धुळीने माखलेल्या टाचांकडे पाहिलं.

"कितीचा दाखवू?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"सगळ्यात..." बाबांनी जीभ चावली. "तिलाच विचारा. बेरीज ती करते."

काडीने तीन नंबर घातला. चार पावलं टाकली, वाकून पुढे अंगठा दाबला आणि मान हलवली. "अर्धा नंबर वाढवून द्या."

बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे वाढत्या अंगाचा."

"बोटभर, बाबा. हातभर नाही."

घरी आले तोवर आईची पानं छापखान्यात पोचली होती. टेबलाखालचा बूट आता काढला असता तरी चाललं असतं. काडीने तो काढला नाही. तिने एक कोरी चिठ्ठी घेतली, पॉवर सप्लायवर असतात तशा ठसठशीत अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि टेबलाखाली शिरून ती बुटाच्या टाचेवर चिकटवली.

बाबांनी गुडघ्यावर बसून वाचलं: "कमाल क्षमता: एक टेबल."