कपाटातला वाचक आणि डॉक्टरीणबाईंची गाडी

"आणखी दाबू का?" सासूबाईंनी गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं.

"इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा साडेचार हजारांवर धरून ठेवा म्हटलं ना, आई! सारखं दाबताय काय, सोडताय काय!" गाडीमागे उकिडवी बसलेली सून खेकसली. एका हाताने तिने मोबाइल सायलेन्सरच्या नळीजवळ धरला होता, दुसऱ्या हाताने अंतर मोजायची टेप.

"पाय आहे तो माझा, तुझ्या दवाखान्यातलं यंत्र नव्हे," असं म्हणून सासूबाईंनी रागाच्या भरात ॲक्सिलरेटर जरा जास्तच दाबला.

सून दातांची डॉक्टर. दुसऱ्या दिवशी सकाळी रेसट्रॅकवर आपापली गाडी हवी तेवढी पळवायला मिळणार होती. मागच्या खेपेला गेटवरच्या माणसाने मीटर लावून, "अठ्ठ्याण्णव डेसिबलपर्यंतच चालतं, ही वर जातेय बाई, घरी न्या," असं सगळ्यांदेखत सांगितलं होतं. तेव्हापासून ती धुमसत होती. त्या काळात तिच्या खुर्चीत बसलेल्या एकाही पेशंटने तोंड उघडायला उशीर केला नाही. आता तिने नवा सायलेन्सर बसवला होता आणि मोबाइलमधल्या ॲपवर घरीच खात्री करून घेत होती.

आकडा पंच्याण्णववर स्थिरावला आणि शेजारची खिडकी धाडकन उघडली.

"तीनदा मेली ती!" शेजारी ओरडला. "तीनदा! आणि दर वेळी मरताना तिच्या तोंडून घर्रर्र!"

हे गृहस्थ पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचे. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून कपड्यांच्या कपाटाला आतून रजया ठोकून त्यात बसायचे. भिंतीपलीकडून दिवसभर आवाज यायचा, म्हणून सासूबाई त्यांना 'पुटपुटे' म्हणत. सध्याची कादंबरी उद्या संध्याकाळपर्यंत द्यायची होती आणि नायिकेचा शेवटचा श्वास काही केल्या पुरा होत नव्हता.

"आणि तुम्ही बोंबललात की माझा आकडा बिघडतो त्याचं काय?" डॉक्टरीणबाई उसळल्या. "पंच्याण्णवचे एकशे चार झाले! मोजताना आजूबाजूला शांतता लागते!"

"शांतता? तुम्हाला? शांतता?" पुटपुटे किंचाळले. ते खिडकीतून नाहीसे झाले आणि पायात एकच चप्पल घालून खाली आले. हातात काळं मीटर. "मोबाइलवर कसलं मोजताय? मोठा आवाज आला की फोन तो दडपून टाकतो. हे मीटर खरं. दाबा हो, आजी!"

'आजी' ऐकून सासूबाईंनी असं काही दाबलं की समोरच्या घरातला कुत्रा भुंकत सुटला. काटा जागेवर येईपर्यंत सुनेची चिडचिड सुरूच होती. अखेर पुटपुट्यांच्या मीटरवर एकशे एक आले.

"खोटं आहे हे!"

"माझं मीटर खोटं? माझं पोट चालतं त्याच्यावर!"

"मग पोटाचं मोजा त्याने!"

"ठीक आहे," पुटपुटे म्हणाले, "उद्या मी येतो तुमच्याबरोबर. तिथल्या मीटरवर काय तो सोक्षमोक्ष लागू दे."

खरं तर त्यांनी सकाळी उठून कपाटात जाऊन बसायला हवं होतं. पण रागाने रात्रभर डोळा लागला नव्हता, आणि पहाटे ते आपलं मीटर छातीशी धरून गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसलेसुद्धा. सासूबाई मागे.

गेटवरच्या माणसाने मीटर धरलं, डॉक्टरीणबाईंनी काटा धरला.

"एकशे एक. घरी न्या, बाई."

"बघा! बघा!" पुटपुट्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून टाळ्या वाजवल्या. "काय सांगत होतो मी!"

डॉक्टरीणबाईंचा चेहरा आधी लाल, मग पांढरा झाला. त्यांनी गाडी वळवली, जरा पुढे नेऊन थांबवली.

"झालं समाधान?"

"पूर्ण! आता मला पटकन घरी सोडा. शांतपणे काम संपवायचंय."

"मीही घरीच आहे. सुट्टी काढलीय मी. मेकॅनिकला बोलावते, तो अंगणातच सायलेन्सर खोलेल. दुपारभर ठोकाठोकी, मग मोजून बघणार. नाही जमलं तर पुन्हा खोलायचं, पुन्हा ठोकायचं, पुन्हा मोजायचं."

"दाबायला मी आहेच," मागून सासूबाई म्हणाल्या.

पुटपुट्यांचं हसू ओठांवरच राहिलं. ट्रॅकवर गेली असती तर ही बाई दिवसभर घरी नसती, हे त्यांच्या आत्ता कुठे ध्यानात आलं. ते दार उघडून उतरले आणि गेटकडे जवळजवळ पळतच गेले.

"साहेब," रेकॉर्डिंगच्या वेळचा तो भारदस्त, मऊ आवाज काढून ते म्हणाले, "जाऊ द्या हो त्यांना. मीटर चुकतात कधीकधी. गाडीला काही आवाज आहे का? मला तर काहीच ऐकू आलं नाही."

"मग मघाशी टाळ्या कोणी वाजवल्या?"

"त्या," पुटपुटे म्हणाले, "चुकून वाजल्या."