सात नंबरचा फोन

बोललेला शब्द हवेत विरतो आणि लिहिलेला रकान्यात राहतो, एवढ्या एका सिद्धान्तावर रकानेसाहेबांनी एकतीस वर्षे नोकरी केली होती. आणि या एकतीस वर्षांत आपल्या हातून एकही गैरसमज झालेला नाही, असे ते छातीवर हात ठेवून सांगत. सांगत म्हणजे, कोणी विचारण्याची वाट न पाहता सांगत.

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात ते देखभाल विभागाचे प्रमुख होते. तंत्रनिकेतनाची पदविका, तीही पहिल्या वर्गातली. त्यांचे खरे आडनाव पगारपत्रकापुरते उरले होते. 'रकानेसाहेब' हे नाव त्यांना चिकटले ते त्यांनी तयार केलेल्या दोषपत्रकामुळे. कारखान्यात काहीही बिघडले की ते पत्रक भरायचे: तक्रार, निरीक्षण, कारण, उपाय, सही. एक रकाना जरी रिकामा राहिला, तरी 'अपूर्ण. परत.' असा लाल शाईतला शेरा घेऊन पत्रक आल्या पावली माघारी जाई. गोदामात एकदा आग लागली तेव्हा धावत आलेल्या माणसाला त्यांनी आधी 'कारण' लिहायला लावले, असे लोक सांगत. हे साफ खोटे होते. त्यांनी फक्त 'तक्रार' लिहायला लावली होती.

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीने विद्यापीठात संवादशास्त्राला प्रवेश घेतला.

त्यात नेमके काय शिकवतात, असे त्यांनी विचारले. मुलीने पाव तास समजावून सांगितले: माणसे ऐकतात एक आणि समजतात दुसरेच, ते का, अफवा कशी पसरते, सूचना लावूनही कोणी वाचत नाही, ते का, वरच्याचे बोलणे खालच्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्याचे काय होते. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बोलायला तर तू दीड वर्षाची असतानाच शिकलीस. आता त्याला आणखी चार वर्षं कशाला?"

हा विनोद त्यांना इतका आवडला, की मुलीचा चेहरा उतरलेला त्यांना दिसलाच नाही. त्यांच्या बायकोला दिसला. पण ती त्या वेळी काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी विचारले, मुलगी काय करते? समोर मॅनेजर बसले होते. साहेबांनी डबा उघडला, घास घेतला, सावकाश चावला आणि सांगितले, "दूरसंचार अभियांत्रिकी."

थाप मारणे हा त्यांचा पिंड नव्हता, म्हणूनच त्यांनी ती व्यवस्थित सांभाळली. खिशातल्या डायरीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखले: तारीख, कोणाला, काय. दुसऱ्या वर्षी मुलीने उपग्रहाचा अभ्यास केला. तिसऱ्या वर्षी कोणत्याशा मनोऱ्याचा आराखडा काढला. चौथ्या वर्षी ती पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाली. एवढी एकच नोंद खरी होती, म्हणून तिच्यापुढे त्यांनी बरोबरची खूण केली होती.

पदवी मिळाल्याला आठ महिने झाले. मुलीला नोकरी लागत नव्हती. अर्ज जात आणि उत्तरे येत नसत. साहेब घरी 'मी म्हटलं नव्हतं का' असे शब्दांत कधी म्हणाले नाहीत. ते वर्तमानपत्राची घडी घालत, आणि त्या घडीचा आवाजच तसा येई.

इकडे कारखान्यात अंतर्गत फोन बसवून दहा महिने झाले होते. चोवीस फोन होते. त्यांतले तेवीस गुणी निघाले. सात नंबरचा, म्हणजे दाबयंत्र विभागातल्या फोरमनच्या टेबलावरचा, रोज सकाळी नऊनंतर मुका होई. तपासायला माणूस गेला की खणखणीत वाजे. माणूस परतला की पुन्हा मुका. यंत्र दोनदा बदलले. वायर बदलली. साठ मीटर नळीतून साहेबांनी स्वतः गुडघ्यांवर बसून नवी वायर ओढली आणि पुढचे चार दिवस खुर्चीतून उठताना सगळ्या देवांची नावे घेतली. फोन पुरवणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ येऊन, फोन ठणठणीत आहे असे लिहून गेला. तो पायऱ्या उतरेपर्यंत फोन बंद.

मग एके दिवशी मागणीतला बदल फोरमनला कळवायचा राहिला, कारण फोन लागला नाही. संध्याकाळपर्यंत अठरा हजार झाकणे तयार झाली. उत्तम झाकणे होती. फक्त डब्यांपेक्षा बोटभर मोठी होती.

मॅनेजरांनी साहेबांना बोलावले. "रकाने, तुमची मुलगी झाली ना दूरसंचार इंजिनिअर? उद्या घेऊन या तिला."

साहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. तिला ताप आहे, असे ते म्हणाले. डायरीत नोंद करायलाही सवड मिळाली नाही. मॅनेजर सज्जन गृहस्थ, त्यांनी लगेच तब्येतीची चौकशी करायला साहेबांच्या घरी फोन लावला. तो साहेबांच्या बायकोने उचलला. ताप कसला, ती तर समोर बसून अर्ज लिहिते आहे, असे ती म्हणाली. मॅनेजर मनमोकळे हसले. बाप मंडळी अशीच हळवी असतात, म्हणाले. उद्या तिला पाठवाच. तिच्या शिक्षणाचा आम्हाला उपयोग होईल. साहेबांनी चार वर्षे तिचे इतके कौतुक ऐकवले आहे, की आम्हाला पाठ झाले आहे.

दूरसंचाराचे नाव या बोलण्यात कुठेच आले नाही. कशाला येईल? मॅनेजरांच्या मते ते घरी सगळ्यांना ठाऊकच होते.

साहेब घरी पोहोचले तेव्हा दार मुलीने उघडले. आठ महिन्यांत प्रथमच. खुर्चीवर इस्त्री केलेले कपडे आणि टेबलावर तिच्या प्रकल्पांची फाइल होती.

"बाबा, तुम्ही ऑफिसात माझ्या शिक्षणाबद्दल सांगत होतात?"

साहेब बूट सोडू लागले.

"मला वाटायचं, तुम्हाला लाज वाटते," ती म्हणाली.

बुटाच्या नाडीला गाठ बसली होती. ती सोडवता सोडवता ते म्हणाले, "छे. तसं काही नाही." खिशातली डायरी त्यांना विटेएवढी जड लागली. सकाळी सांगू, असे त्यांनी ठरवले. सकाळी, बसमध्ये सांगू असे ठरवले. बसमध्ये ते एवढेच म्हणाले, की मॅनेजरांपुढे पदवीचे नाव काढू नकोस, त्यांना लांबलचक नावे आवडत नाहीत. मुलीने हे वहीत टिपून घेतले. ऐकणाऱ्याचा स्वभाव आधी कळलेला बरा, असे तिला शिकवले होते.

मॅनेजरांनी तिचे स्वागत केले, खुर्ची दिली आणि टेबलावरून एक हत्यारांची पेटी आणि विद्युतदाब मोजायचे यंत्र तिच्यापुढे सरकवले. "दूरसंचारवाल्यांना याहून भारी उपकरणं लागत असतील, पण आमच्याकडे हीच आहेत. सात नंबरचा फोन बघा. सगळ्यांनी हात टेकलेत."

मुलीने पेटीकडे पाहिले. मग वडिलांकडे पाहिले. वडील पंख्याकडे पाहत होते. पंखा बंद होता.

तिने पेटीचे झाकण उघडले आणि पुन्हा लावले. एकतीस वर्षे यंत्रांचे आवाज ओळखणाऱ्या माणसाला तो आवाज कशाचा आहे ते ओळखू आले. मग तिने पेटी परत सरकवली. "याची गरज नाही. मला फोरमनकाकांशी बोलायचंय. एकटीला."

ही नवी पद्धत दिसते, असे मॅनेजर कौतुकाने म्हणाले.

ती तीन तास दाबयंत्र विभागात होती. काचेच्या भिंतीपलीकडून साहेबांना सगळे दिसत होते, ऐकू काही येत नव्हते. फोरमन आधी हाताची घडी घालून उभा होता. मग त्याने घडी सोडली. मग त्याने तिला स्टूल दिले आणि स्वतः उलट्या डब्यावर बसला. ती फोनकडे एकदाही वळली नाही. एकदा फोरमनने उजवा हात तिच्यापुढे धरला आणि तो कसा थरथरतो ते करून दाखवले. दहा महिन्यांत साहेबांनी त्या टेबलावरची प्रत्येक तार तपासली होती. तो हात त्यांनी पाहिलेला नव्हता.

परत येऊन तिने साहेबांकडे एक दोषपत्रक मागितले. उभ्यानेच भरले आणि मॅनेजरांना दिले. त्यांनी मोठ्याने वाचले.

तक्रार: सात नंबरचा फोन नऊनंतर बंद असतो. निरीक्षण: फोन उत्तम आहे. फोरमन त्याचा प्लग काढून ठेवतात. तपासणीला माणूस येण्याच्या आदल्या दिवशी तसे लेखी कळवण्याचा देखभाल विभागाचा नियम आहे. ते पत्र मिळाले की प्लग पुन्हा लावतात. कारण: फोरमनकडच्या नोंदवहीप्रमाणे देखभाल प्रमुख या फोनवर दहा महिन्यांत दोनशे चौदा वेळा बोलले. सकाळी नऊला आदल्या दिवसाच्या दोषपत्रकांतल्या चुका क्रमांकासह, आणि प्लग लावलेला असेल त्या दिवशी दिवसभर पुरवणी चुका. एकाही बोलण्यात प्रश्न नाही. घंटा वाजली की फोरमनचा हात दचकतो, आणि त्या वेळी तो हात दाबयंत्राखाली असतो.

मॅनेजर थांबले. फोरमनला बोलावले गेले. तो दारातच उभा राहिला.

"सात माणसं आली तपासायला," तो म्हणाला. "सगळ्यांनी फोनला विचारलं. मला विचारायला ही ताईच आली."

साहेबांनी तोंड उघडले. प्लग काढताना पत्रक भरले होते का, एवढा एकच प्रश्न त्यांना सुचला; तो त्यांनी गिळला, आणि तो गिळताना त्यांना नोकरीतला सगळ्यांत मोठा त्रास झाला.

मॅनेजरांचे बोट तोवर पत्रकाच्या तळाशी, सहीपर्यंत गेले होते. तिथे पदवी लिहिलेली होती. "संवादशास्त्र? म्हणजे दूरसंचारच ना?"

"नाही," मुलगी म्हणाली. "माणसांनी एकमेकांशी बोलायचं शास्त्र. बाबांनी चार वर्षं जिचं कौतुक केलं ती मुलगी कोण, मला माहीत नाही. मी तिला कधी भेटले नाही."

ती बसची वाट धरून निघून गेली. फाइल टेबलावरच राहिली. ती उघडायची वेळच आली नव्हती.

मॅनेजर सज्जन असले तरी मॅनेजर होते. मुलगी हुशार आहे, म्हणाले. पण अशा कामाचा आपल्याकडे हुद्दा नाही, आणि इंजिनिअर असती तर काहीतरी बघता आले असते. मग त्यांनी 'उपाय' हा रिकामा रकाना पाहिला आणि स्वतःच्या अक्षरात भरला: प्लगवर लोखंडी पट्टी बसवावी, म्हणजे तो निघणार नाही. चार स्क्रू लागले. साहेबांनीच बसवले. पट्टी काटकोनात बसली. फोरमन बाजूला उभा राहून पाहत होता. साहेबांना त्याला काहीतरी विचारायचे होते. पण विचारायला सुरुवात कशी करतात ते त्यांना येत नव्हते, आणि ते जिथे शिकवतात त्या जागेची त्यांनी चार वर्षे टिंगल केली होती.

फोन आता दिवसभर चालू असतो. फोरमन कानांत कापूस घालतो.

घरी मुलगी त्यांच्याशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, आदळआपट नाही, नुसते बंद. साहेबांच्या बायकोवर टेलिफोन एक्स्चेंज चालवायची पाळी आली. बाबांना सांग पाणी गेलंय. तिला विचार छत्री कुठेय. आठव्या दिवशी बायकोने दोन्हीकडची वायर तोडली. "मी त्या दिवशीच बोलायला हवं होतं, दीड वर्षाचा विनोद केलात तेव्हा," ती नवऱ्याला म्हणाली. "आता तुमचं तुम्ही बघा."

रविवारी सकाळी साहेबांनी एक कोरे दोषपत्रक घेतले. तक्रार: मुलगी बोलत नाही. निरीक्षण: इतरांशी बोलते. कारण: या रकान्यात त्यांनी बऱ्याच वेळाने स्वतःचा हुद्दा लिहिला, मग तो खोडला आणि 'बाबा' असे लिहिले. सोबत डायरीचे शेवटचे पान फाडून टाचणीने जोडले. 'उपाय' या रकान्यापाशी मात्र ते दुपारपर्यंत बसले. पट्टी आणि स्क्रू यांच्यापलीकडे काही सुचेना. अखेर तो तसाच ठेवून त्यांनी सही केली आणि पत्रक तिच्या दाराखालून आत सरकवले.

संध्याकाळी ते पत्रक दाराखालून बाहेर आले. डायरीचे पान तिने ठेवून घेतले होते. पत्रकावर, रिकाम्या 'उपाय' रकान्यापाशी, लाल शाईतला शेरा होता: अपूर्ण. परत.